रबरसिंगची सायकल



‘शोले’ मी आधी ऐकला आणि मग पाहिला. माझ्या वयाच्या बऱ्याच नागपूरकरांचं असंच झालं असेल. 15 ऑगस्ट 1975 ला तो प्रदर्शित झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. अब्बांचं गोकुळपेठ बाजाराजवळ शिलाईचं छोटं दुकान होतं आणि आम्ही धरमपेठेत एका वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. तीन तासांहून लांब सिनेमा पाहायचा म्हणजे अर्धा दिवस मशीन बंद. ते काही अब्बांना परवडायचं नाही. पण पुढे ‘शोले’च्या संवादांची तबकडी निघाली. हो, गाण्यांची तर होतीच, ही नुसत्या संवादांची. गणपतीच्या मांडवात ती सकाळ-संध्याकाळ वाजायची. आरती, मग ‘शोले’, मग पुन्हा आरती. त्या कर्ण्यातून आम्ही पोट्ट्यांनी अख्खा सिनेमा पाठ केला. गब्बरसिंगाचा चेहरा कसा असेल हे मला ठाऊक नव्हतं, पण तो कुठे थांबतो, कुठे थुंकतो, कुठे हसतो हे सगळं ठाऊक होतं. आकाशवाणीवर बोलताना हे मुद्दाम सांगतो, कारण कानानं पाहिलेला सिनेमा डोळ्यांनी पाहिलेल्या सिनेमापेक्षा जास्त भीतिदायक असतो.

पाठ झाल्यावर खेळ सुरू झाला. ट्रॅफिक पार्ककडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे एक मोकळा प्लॉट होता. तिथे रेतीचा ढीग पडलेला असायचा. तो आमचा रामगढचा डोंगर. खेळात जो उंच तो जय, जो मस्तीखोर तो वीरू, ज्याच्या घरी शाल होती तो ठाकूर. आणि मी अहमद. नेहमीच अहमद. गल्लीत मुसलमानाचं घर आमचं एकटंच, त्यामुळे यावर कधी चर्चा झाली नाही. इमामसाहेबांचा मुलगा कोण होणार, हे जणू रेशन कार्डावरच लिहिलेलं होतं.

आता अहमदची भूमिका म्हणजे काय, ते आठवून पाहा. म्हाताऱ्या आंधळ्या बापाला मुलानं जबलपूरला बिडीच्या कारखान्यात नोकरीला जावं असं वाटतं. मुलगा निघतो. वाटेत गब्बरची माणसं त्याला पकडतात. त्याचा मृत्यूही पडद्यावर दिसत नाही. गब्बर हातावर फिरणारी मुंगी मारतो आणि पुढच्या दृश्यात घोड्यावर मुलाचं प्रेत येतं. संवाद जवळजवळ नाहीतच. आमच्या खेळात मी रेतीवर डोळे मिटून पडायचो आणि बाकीचे माझ्या अंगावरून धावत राहायचे. संध्याकाळी डास चावायचे. मेलेल्या माणसाला डास मारता येत नाहीत.

मला गब्बर व्हायचं होतं. यात काही विशेष नाही, सगळ्यांनाच गब्बर व्हायचं होतं. जय किंवा वीरू व्हायला कोणी भांडत नसे.

1981 च्या गणपतीत आमच्या मंडळाच्या मोठ्या मुलांनी ठरवलं की यंदा ‘धरमपेठचे शोले’ नावाचं विनोदी नाटुकलं करायचं. मूळ कथेत गब्बरची माणसं गावाकडून धान्य वसूल करतात. आमच्यात ती वर्गणी वसूल करायला यायची, हातात पावतीपुस्तक घेऊन. बसंती टांग्याऐवजी सायकलरिक्षा चालवायची आणि ती एका मुलानं करायची असं ठरलं. घोड्यांच्या टापांसाठी पडद्यामागे दोन मुलं नारळाच्या करवंट्या घेऊन बसणार. गब्बर व्हायचं ठरलं होतं त्या मुलाचे नेमके तालमीच्या आठवड्यात डोळे आले. संवाद सगळ्यात चोख मला येत होते. चार दिवस मी गब्बर होतो. मंडळाच्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात मी असा काही हसायचो की लहान पोरं रडायची. अब्बांनी उरलेल्या खाकी कापडातून माझ्या मापाचा पोशाख शिवला आणि काडतुसांच्या पट्ट्यात खडू खोवायला चौतीस कप्पे केले. मी मोजले होते.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मंडळातले एक वडीलधारे मला बाजूला घेऊन गेले. फार प्रेमळ माणूस. दर ईदला आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला येणारे. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘बाळ, त्या पोराचे डोळे बरे झाले आता. आणि तू अहमदच छान करतोस रे. गब्बर झालास तर लोक उगाच...’’

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मीही विचारलं नाही, ‘उगाच काय, काका?’ अकरा वर्षांच्या मुलाला तेवढं सुचत नाही. पुढे मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, दोन-तीन संग्रह निघाले. पण ते वाक्य पूर्ण करता आलेलं नाही. कविसंमेलनात कुणी कौतुकानं म्हणतं, ‘‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’’ तेव्हा तेच वाक्य पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटतं. धरमपेठेत वाढलेल्या माणसाचं मराठी कसं असायला हवं होतं?

घरी येऊन अब्बांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘‘उसका नाप क्या है?’’ तो मुलगा माझ्याहून बारीक होता. रात्री उशिरापर्यंत मशीन चालू होती. अब्बा तो पोशाख त्याच्या मापाचा करत होते. कापड अंगाला बसलं नाही की नट बाहुलं दिसतो, असं ते म्हणाले. मी रागानं भिंतीकडे तोंड करून झोपलो होतो.

हे मला पुन्हा आठवलं ते मालेगावात, 2007 च्या हिवाळ्यात.

मालेगावला मी मुशायऱ्याच्या निमित्तानं गेलो होतो. आयोजकांनी दोन मराठी कवीही बोलावले होते, त्यातला मी एक. नाशिक जिल्ह्यातलं मोसम नदीकाठचं हे यंत्रमागांचं शहर. 1857 नंतर उत्तरेतून निघालेली विणकरांची कुटुंबं इथे येऊन स्थिरावली. रात्री कविता वाचताना मागून मागांची खटखट सतत ऐकू येते. नवख्या कवीला वाटतं, लोक टाळ्या वाजवताहेत. मी ज्यांच्या घरी उतरलो ते स्वतः शायर आणि पुढच्या खोलीत चार मागांचे मालक. दुसरा दिवस शुक्रवार, माग बंद. जेवणानंतर त्यांच्या मुलानं टीव्हीवर एक सीडी लावली आणि म्हणाला, ‘‘चाचा, आमचा ‘शोले’ बघा.’’

तो ‘मालेगाव के शोले’ होता. शेख नासिर या तरुणानं 2000 साली तो केला. नासिर व्हिडिओ पार्लर चालवायचे. तिथे चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली असे सिनेमे दाखवताना त्यातला कंटाळवाणा भाग काढून, दोन व्हीसीआर जोडून ते स्वतःच काटछाट करायला शिकले. मग वाटलं, आपणच का करू नये? खर्च पन्नास हजारांच्या आसपास. लग्नाचं शूटिंग करतो तो कॅमेरा. नट गावातलेच, मूळ नटांशी तोंडवळा जुळणारे. मालेगावच्या व्हिडिओ पार्लरांत त्यांचा हा सिनेमा कितीतरी आठवडे चालला.

सुरुवातीलाच मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. मूळ ‘शोले’तली मालगाडीवरची लढाई तुम्हाला आठवत असेल. डाकू घोड्यांवरून पाठलाग करतात, भव्य सत्तर एमएमचा पडदा, इंजिनाचा धूर. मालेगावात आगगाडी नाही. जवळचं स्टेशन मनमाड. म्हणून इथे पाठलाग होतो तो बसचा. आणि डाकू येतात ते सायकलींवरून! लुंग्या सावरत, पायडल मारत, घंटी वाजवत. गब्बरसिंगाचं नाव रबरसिंग. बसंतीचं नाव बासमती.

मी इतका हसलो की पाण्याचा पेला सांडला. पण खोलीतले बाकीचे वेगळ्या कारणानं हसत होते. पडद्यावर कोणी आलं की ते ओरडायचे, ‘‘हा बघा, आमच्या गल्लीतला! याचं दुकान आहे किदवई रोडला!’’ नट आणि भूमिका त्यांना एकाच वेळी दिसत होत्या. दिवसभर बारा-बारा तास मागावर उभा राहणारा माणूस आणि रामगढच्या डोंगरावरचा डाकू, दोन्ही एकाच शरीरात.

आणि मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की इथे जयही त्यांचाच आहे, वीरूही त्यांचाच, ठाकूरही त्यांचाच, रबरसिंगही त्यांचाच. कोणीही कोणाला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून काही सांगितलेलं नाही. रबरसिंग झालेल्या माणसाकडे बघून मला हेवा वाटला. सदतिसाव्या वर्षी एका विनोदी डाकूचा हेवा वाटणं हे काही बरं लक्षण नाही, पण वाटला खरा.

गंमत अशी की मूळ ‘शोले’ या बाबतीत आमच्या मंडळापेक्षा कितीतरी उदार होता. ज्या अहमदला मी आयुष्यभर चिकटलो, तो पडद्यावर केला होता सचिन पिळगावकरांनी. आपल्या मराठी सचिननं. आंधळे इमामसाहेब झाले ए. के. हंगल, जन्मानं काश्मिरी पंडित. आणि गब्बर? अमजद खान. जो मुलगा मुसलमान म्हणून मंडळानं गब्बर होऊ दिला नाही, त्याच्यापुढे तबकडीवर रोज वाजणारा आवाज एका मुसलमानाचाच होता. हे तेव्हा मला कळलं असतं तर त्या काकांना मी निदान एक प्रश्न तरी विचारला असता. अर्थात सिनेमात वेश चढवला की माणूस आणि भूमिका वेगळे होतात, गल्लीत होत नाहीत. गल्लीत सगळ्यांना माहीत असतं की हा टेलर मास्टरचा पोट्टा आहे.

गब्बरबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण त्याचा धागा आपल्या कामठीपर्यंत येतो. गब्बरसिंग नावाचा डाकू खरोखर होता, चंबळच्या खोऱ्यात, भिंडच्या बाजूला. तो लोकांची नाकं-कानं कापायचा. सलीम-जावेद या जोडीतल्या सलीम खान यांचे वडील पोलीस खात्यात होते, त्यामुळे असे किस्से त्यांच्या घरात होतेच. अमजद खाननी भूमिकेच्या तयारीसाठी तरुणकुमार भादुरी यांचं चंबळच्या डाकूंवरचं पुस्तक वाचलं होतं. भादुरी म्हणजे जया भादुरींचे वडील. आणि खऱ्या गब्बरचा शेवट ज्यांच्या कारकिर्दीत झाला, ते मध्य प्रदेशचे तेव्हाचे पोलीसप्रमुख खुसरो रुस्तमजी हे आपल्या कामठीचे. 1916 साली तिथे जन्मलेले पारशी गृहस्थ. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या पोलिसांतले, पुढे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. त्यांच्या डायऱ्या नंतर पुस्तकरूपानं आल्या, त्यात ही हकीकत आहे. 13 नोव्हेंबर 1959 ला गब्बर चकमकीत मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी पंडित नेहरूंच्या सत्तराव्या वाढदिवसाला ती बातमी त्यांना भेट म्हणून देण्यात आली.

म्हणजे बघा, 1959 मध्ये नाक कापलेल्या माणसाला गब्बर या नावात हसण्यासारखं काहीही नव्हतं. 1975 मध्ये तेच नाव रुबाबदार झालं, पुढे बिस्किटांच्या जाहिरातीत आलं. 1981 मध्ये आम्ही त्याला वर्गणीचं पुस्तक दिलं, आणि 2000 मध्ये मालेगावनं त्याला सायकलवर बसवलं. भीती विरत विरत रबर झाली. 1991 मध्ये खुद्द अमजद खाननीच ‘रामगढ के शोले’ नावाच्या विनोदी चित्रपटात पुन्हा गब्बरचा वेश चढवला, बाकी नटांच्या जागी त्यांचे हुबेहूब नकलाकार. तो मला फारसा आवडला नाही. नकलाकार नकलाच करत होते, दुसरं काही करत नव्हते.

विडंबन आणि नक्कल यांतला हा फरक आम्हा कवींना आचार्य अत्र्यांनी शिकवला. ‘झेंडूची फुलें’ मी बी. ए.च्या वर्गात वाचली. त्यात अत्र्यांनी रविकिरण मंडळातल्या कवींची टोपी उडवली. पण त्या कवींच्या कवितेची चाल, शब्दांचा लाड, उसासे, हे सगळं अत्र्यांच्या रक्तात भिनलेलं होतं, म्हणून ती जमली. जे मनापासून पाठ नाही त्याचं विडंबन होत नाही, शेरेबाजी होते. नासिर आणि त्यांच्या मित्रांना ‘शोले’ असा पाठ होता, हे चौकटी-चौकटीत दिसतं. कुठे कॅमेरा वळतो, कुठे वारा वाहतो, हे त्यांना माहीत आहे. फक्त वाऱ्याच्या जागी त्यांच्याकडे मागांची खटखट आहे.

कालांतरानं माझ्या मुलीनं मला असाच एक इंग्रजी सिनेमा दाखवला. रॉबिन हूड हा इंग्लंडचा दंतकथेतला दरोडेखोर. श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारा. त्याची टिंगल करणारा सिनेमा अमेरिकेतल्या मेल ब्रूक्स यांनी 1993 मध्ये काढला, ‘रॉबिन हूड: मेन इन टाइट्स’. त्याच्या आधी 1975 मध्ये, म्हणजे आपल्या ‘शोले’च्याच वर्षी, त्यांनी रॉबिन हूडवर एक विनोदी दूरचित्रवाणी मालिकाही केली होती. ती तेरा भागांत गुंडाळावी लागली. तरी गडी पुन्हा त्याच जंगलात शिरला.

सिनेमात पुष्कळ खुळचटपणा आहे. राजपुत्राच्या चेहऱ्यावरचा तीळ दर दृश्यात जागा बदलतो. आमच्या नाटुकल्यातल्या ठाकूरची शाल अशीच जागा बदलायची आणि हात बाहेर यायचे. रॉबिनचा म्हातारा सेवक आंधळा आहे. त्याला बघून मला इमामसाहेब आठवले आणि जरा अपराधी वाटलं. पण मला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मूळ दंतकथेत रॉबिनच्या टोळीत एक ख्रिस्ती फ्रायर आहे, मठातला बाबा म्हणा, टक नावाचा. ब्रूक्स यांनी त्याच्या जागी आणला ज्यू धर्मगुरू, रॅबाय टकमन. आणि ती भूमिका केली कोणी? स्वतः ब्रूक्स यांनी. ते ज्यू. इंग्लंडच्या त्या जंगलात त्यांच्या माणसांना शेकडो वर्षांत कोणी जागा दिली नव्हती. ते मागच्या दारानं, दाढी लावून आत आले. त्या आधीच्या, 1991 च्या गंभीर सिनेमात रॉबिनला एक मुसलमान मित्र दिला होता, अझीम नावाचा. ब्रूक्सच्या सिनेमात त्याच जागी आला ‘आछू’ नावाचा पोरगा, त्याच्या बापाचं नावही शिंकेवरूनच. मुलगी हसत होती. मी तिला म्हटलं, ‘‘थांब, हा भाग पुन्हा लाव.’’ तिला वाटलं मला विनोद कळला नाही.

तिनेच मग ‘मालेगाव के शोले’बद्दल मला अडचणीत आणलं. मी सगळ्यांना सांगत फिरायचो की इथे कोणालाही कोणतीही भूमिका मिळते. तिनं शांतपणे विचारलं, ‘‘अब्बा, बासमती कोण झालंय?’’ आणि मी गप्प बसलो. मालेगावच्या सिनेमांत काम करायला मालेगावच्या मुली पुढे येत नाहीत, येऊ दिलं जात नाही. नट्या बाहेरगावाहून पैसे देऊन आणाव्या लागतात. पार्लरमध्ये बसून सिनेमा बघणारेही बहुतेक पुरुषच. म्हणजे त्या वडीलधाऱ्या काकांचं अर्धं वाक्य मालेगावातही कोणीतरी बोलतंच आहे, फक्त ते मुलींच्या खांद्यावर हात ठेवून. ‘‘बेटी, तू अगर परदे पे आयी तो लोग...’’ आणि आमच्या ‘धरमपेठचे शोले’त तरी बसंती एक मुलगाच होता की! त्या गल्लीतल्या मुलींपैकी कुणाला ती रिक्षा चालवायची होती का, हे मी आजवर कोणाला विचारलं नव्हतं.

त्या हिवाळ्यातल्या परतीच्या प्रवासाचं सांगतो. मनमाडच्या फलाटावर नागपूरच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, ‘‘कुठून आलात?’’ मी म्हटलं, ‘‘मालेगावहून.’’ त्यांनी आपली बॅग पायाजवळून उचलून मांडीवर घेतली. वाईट माणूस नव्हता. 8 सप्टेंबर 2006 चे बॉम्बस्फोट होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यात मेले ते मालेगावचे, नमाजाला आलेले लोक, आणि आधी पकडले गेले तेही मालेगावचेच तरुण. त्या तरुणांना विशेष न्यायालयानं आरोपमुक्त केलं ते 2016 मध्ये, जवळपास दहा वर्षांनी. तोवर त्यांच्या वाट्याची भूमिका त्यांना वाटून झाली होती. सप्टेंबर 2008 मध्ये तिथे पुन्हा स्फोट झाला. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी फलाटावर मला फक्त ती बॅग दिसली.

मी म्हटलं, ‘‘तिथे ‘शोले’ बघून आलो.’’

‘‘परत लागलाय का?’’ त्यांनी उत्सुकतेनं विचारलं. ‘शोले’ म्हटल्यावर माणूस बदलतो.

मग मी त्यांना सायकलींचं सांगितलं, बसचं सांगितलं, रबरसिंगचं सांगितलं. गाडी आली, आम्ही एकाच डब्यात चढलो. जळगाव येईपर्यंत ते हसून हसून बेजार झाले होते. भुसावळला त्यांनी केळी घेतली, मला दिली. बॅग मात्र अकोल्यापर्यंत मांडीवरच होती. मी मनात म्हटलं, असू दे. सिनेमा एका प्रवासात एवढंच करू शकतो.

पुढे फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्यात नासिर आणि मंडळी ‘मालेगाव का सुपरमॅन’ करताना दिसतात. क्रेन नाही म्हणून बैलगाडीच्या दांडीवर कॅमेरामन बसवला जातो. कॅमेरा पाण्यात पडतो तेव्हा सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे आहेत. सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमाग कामगार, काडीसारखा बारीक. मागांच्या गावचा सुपरमॅन धुळीनं दमेकरी झालेला आहे, उडता उडता खोकतो. शफीक 2011 मध्ये कॅन्सरनं गेला. 2012 मध्ये माहितीपट देशभर थिएटरांत लागला. या सगळ्यावर रीमा कागती यांनी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा चित्रपट केला, वरुण ग्रोव्हर यांच्या लेखणीतून. तो आपल्याकडे 28 फेब्रुवारी 2025 ला आला. त्याच वर्षी पन्नाशीच्या निमित्तानं मूळ ‘शोले’ची डागडुजी केलेली प्रत इटलीतल्या बोलोन्या शहरात दाखवली गेली, जुना शेवट परत जोडून. आणीबाणीत सेन्सॉरनं बदलायला लावलेला, ठाकूर गब्बरला मारतो तो शेवट.

‘सुपरबॉइज’ मी बघितला तो एका मित्राबरोबर. हा तोच, 1981 चा गब्बर. डोळे बरे झालेला. बँकेतून निवृत्त होऊन आता झेंडा चौकाजवळच राहतो. मध्यंतरानंतर मी त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती हकीकत सांगितली. काकांची, अर्ध्या वाक्याची. अब्बांनी पोशाख त्याच्या मापाचा केल्याची. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘मला हे काहीच माहीत नव्हतं बे. मला वाटलं, तूच नको म्हणालास.’’

‘‘मी कशाला नको म्हणू?’’

‘‘मला काय माहीत? तू मेलेला असताना इतका खूश दिसत होतास.’’

मी म्हटलं, काहीतरीच बोलू नको. तर तो शपथेवर सांगू लागला. प्रयोगात माझं प्रेत स्टेजवर आडवं होतं आणि तो पावतीपुस्तक घेऊन माझ्या डोक्याशी उभा होता. पडद्यामागे करवंट्या वाजवणाऱ्या पोरांनी चुकून टापा सुरूच ठेवल्या, घोडे थांबेचनात. लोक हसायला लागले. आणि त्यानं खाली बघितलं तर अहमदचं पोट गदागदा हलत होतं.

‘‘तुझं पोट बघून मी संवाद विसरलो,’’ तो म्हणाला. ‘‘चौतीस खडूंचा पट्टा लावून उभा आहे आणि एक शब्द आठवत नाही. शेवटी तूच पडल्या पडल्या हळूच सांगितलास.’’

मला हे अजिबात आठवत नाही. पण खडू चौतीस होते, हे त्याला कसं माहीत?